जिन्यात अडकलेलं शहर

नदीचा बांध फुटला तेव्हा संग्रहालयात दोघंच उरली होती. तळमजल्याची देखरेख करणारी वहिनी आणि तिथेच सुतारकाम करणारा तिचा धाकटा दीर. बाकीचे कर्मचारी लहान चित्रं वरच्या मजल्यावर ठेवून घराकडे पळाले होते. राहिलं होतं ते भिंतभर मोठं चित्र. एकोणिसाव्या शतकात कुणा चित्रकाराने पलीकडच्या काठावर बसून हेच शहर रंगवलं होतं. जुना पूल, घुमट, होड्या आणि खाली गुळगुळीत, शांत नदी.

दाराखालून पाणी आत शिरलं, तशी वहिनी मागे सरून चित्राला टेकली. तिला पोहता येत नव्हतं.

"वहिनी, चला वर! चित्र गेलं तर गेलं. तुम्हाला काही झालं तर दादा मला सोडेल का?"

"भाऊजी, आधी स्क्रू काढा. बोलत काय बसलात!" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

सोनेरी चौकट त्याने काढून टाकली. तरी कॅनव्हास ताणलेला लाकडी सांगाडा दोघांना जेमतेम पेलत होता. जिन्याच्या वळणावर तो कठड्यात अडकला. पुढे सरकेना, मागे येईना. वहिनी खालच्या बाजूला होती. चित्र हलल्याशिवाय तिला वर जायला वाटच नव्हती. तेवढ्यात दिवे गेले. खाली कुठलंतरी कपाट धाडकन आडवं झालं.

"भाऊजी, पाणी गुडघ्याला लागलंय."

"हलू नका. कठडा कापतो."

करवत खरखरत राहिली. पाणी कमरेपर्यंत चढलं. वहिनीच्या तोंडून नुसतं "आई गं, आई गं" निघत होतं. एकदम कठडा मोडला, दिराने जीव खाऊन ओढलं, आणि आकाशाचा एक कोपरा टर्रकन फाटत चित्र वर गेलं. पाठोपाठ ती.

"वहिनी, सोडा आता." तिची बोटं उघडेनात. त्याने एकेक सोडवली. "चित्रकाराला सांगायला हवं होतं, शहर जरा लहान काढा म्हणून." ती हसली नाही. दात वाजत होते.

संध्याकाळी खिडकीपाशी होडी आली. वहिनी तिच्यात पाय टाकायलाच तयार होईना. शेवटी डोळे मिटून, दिराचा दंड धरून ती उतरली.

चित्र दुरुस्त झालं. लोक तिचं कौतुक करतात. ती मात्र नदीकडची खिडकी अजून उघडत नाही.