नळापर्यंतचा दोर

साहेब, मला कापायचा हुकूम तुम्हीच दिला. दौऱ्यात पाहुण्यांच्या वाटेत येईल म्हणे! मला धरून कोण चालतं, एवढं तरी विचारायचं होतं.

मित्रांनो, मी एक जुना अंबाडीचा दोर आहे. औशाकडच्या एका खेड्यात पिराजीनं मला वळलं. लई वर्षं मी विहिरीचं पाणी ओढलं. मग भूकंप झाला. विहीर बुजली, घरं बसली; मी पिराजीकडं पडून राहिलो. ढिगाऱ्यातून मंजुळाबाई जिवंत निघाली, पण तिचे डोळे गेले.

नवं गाव वसलं. सगळी घरं एका रांगेत, एकासारखं एक. डोळस माणसंही चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरायची! मंजुळाबाईनं कसं ओळखावं? शेजारीण तिला पाणी आणून द्यायची आणि नळावर सांगत सुटायची, "आंधळीचं बी मीच भरते, बाई."

लातूरला शिकणारी शिवकांता मदतीला यायची. मैत्रिणी सुट्टीतही ट्यूशनला, ही इकडं. पहिल्याच दिवशी हिनं घागर उचलली. मंजुळाबाई भडकली, "ठेव खाली! तू जाशील लातूरला. मग म्या काय तुझी वाट बघत तहानलेली बसू?"

शिवकांता वरमली. तिनं पिराजीकडून मला मागून आणलं, खांब रोवले, उंबऱ्यापासून नळापर्यंत कमरेच्या उंचीवर मला ताणलं. दाराशी चिंधी, नळाशी जाड गाठ. मंजुळाबाईनं एका हातानं मला धरलं. पहिली घागर सांडली, दुसरी भरून घरी आली. तिनं शेजारणीला हाक मारली, "ये गं, आज माझ्या पाण्याचा च्या पी!"

तिच्या तळहातानं मी गुळगुळीत झालो. विहिरीवर एवढा मान कधी मिळाला नव्हता.

आणि साहेब, तुमचा दौरा ठरला. तुमच्या माणसांनी मला विळ्यानं कापलं आणि माझ्याच तुकड्यांनी तुमच्या स्वागताची कमान बांधली! मंजुळाबाई ओरडली, "आरं, माझी वाट हाय ती!"

"आजी, पाणी आम्ही पोचवू ना," तुम्ही हसून म्हणालात. फोटो निघाला. गाडी गेली. पाणी आलं न्हाई.

कमान अजून उभी आहे. मंजुळाबाई रिकामी घागर घेऊन दारात येते, हवेत हात फिरवते, मागं फिरते. शेजारीण पुन्हा पाणी आणते, पुन्हा गावभर सांगते. शिवकांतानं नवा दोर आणला तर ग्रामसेवक म्हणतो, "वरून परवानगी आणा."

मित्रांनो, कुणाची घागर उचलण्याआधी त्याला विचारा. त्याची वाट तेवढी शाबूत ठेवा.

आणि साहेब, माझं ऐकता ऐकता उठून तुम्ही कुठं निघालात? वरचे तुम्हीच ना? या कमानीवरून सोडून, तुकड्यांना गाठी मारून मला मंजुळाबाईच्या दाराशी कधी बांधता? सांगा.