सगळीकडे एकच पासवर्ड

लोकांच्या घरी, दवाखान्यांत, कचेऱ्यांत मी वायफाय लावून देतो, आणि या धंद्यात मी नाकानं कांदे सोलणारा म्हणून ओळखला जातो. गिऱ्हाइकानं मुलाच्या जन्मतारखेचा पासवर्ड ठेवला की मी त्याला तिथल्या तिथे झापतो.

माझी स्वतःची भानगड मात्र अशी, की गिऱ्हाइकाच्या नेटवर्कशेजारी मी आणखी एक नेटवर्क चालू ठेवतो, फोनच्या यादीत न दिसणारं. काही बिघडलं की जिने चढायला नकोत, खाली रस्त्यावर गाडीत बसून दुरुस्त करता येतं. त्याचा पासवर्ड सगळीकडे एकच. साठ गिऱ्हाइकांचे साठ पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? जे दिसत नाही ते कुणी शोधत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. शोधणाऱ्याला ते चुटकीसरशी सापडतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आळस होता, दुसरं काही नाही.

भावोजींची नोकरी गेली तेव्हा ताईच्याच शब्दावरून मी त्यांना दुकानात घेतलं, काम शिकवलं, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि तो एकच पासवर्ड लिहिलेली वही हातात दिली. त्यांनी ताईवर कधी हात उचलला नाही. ते तिचा फोन तपासायचे, आठ-आठ दिवस अबोला धरायचे, लेकीला तिच्याविरुद्ध फितवायचे. मला सगळं माहीत होतं. घर वेगळं, धंदा वेगळा, असं म्हणून मी कानाडोळा केला.

मनाला टोचत होतं म्हणून मीच ताईला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या बोलणं रेकॉर्ड करून कपाटातल्या, नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर ठेवतात, हे कळल्यावर ताई बिचकली.

"बाहेर गेलं तर?"

"अगं, तिथलं नेटवर्क मी लावलंय," मी म्हणालो. "तू बिनधास्त बोल."

ती बोलली. चार गुरुवार, दुपारी एक ते दोन.

पाचव्या आठवड्यात ती दुकानात आली. भावोजी कामावर बाहेर होते. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "सकाळी ते चहात साखर ढवळत होते. चमचा कपाला लागू न देता, सावकाश. मग विचारलं, आता बरं वाटतं का? चमच्याच्या आवाजावरून त्यांचा राग कळतो, असं मी बाईंना सांगितलं होतं. फक्त बाईंना. बाईंनीच फोडलं असं वाटून मी आत्ता त्यांना फोनवर नाही नाही ते बोलले. त्या रडल्या रे."

"आणखी काय सांगितलं होतंस?"

"दुसऱ्या गावी नोकरी मिळाली आहे. एक तारखेला हजर व्हायचंय. माझी सर्टिफिकिटं, लेकीच्या शाळेचे कागद शिवणयंत्राच्या पेटीत ठेवलेत." ती थांबली. "पेटी रिकामी आहे."

मी तसाच बाईंकडे गेलो. त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि बरोबरच केलं. राउटरमध्ये कोण कधी आत आलं याची नोंद असते. चारही गुरुवारी, अडीचच्या सुमारास, माझ्या न दिसणाऱ्या नेटवर्कवरून आमच्याच दुकानाचा लॅपटॉप आत आला होता. गुरुवारी भावोजी गाडी घेऊन जेवायला जायचे. मोकळ्या हवेत बरं वाटतं, म्हणायचे.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढे नोंदीचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचलासुद्धा नाही.

"वही तूच दिलीस. आत कसं जायचं तेही तूच शिकवलंस," ते म्हणाले. "बायको माझी, दुकान आपलं. चोरी कसली झाली?"

"कागद कुठायत?"

"कसले कागद?" असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या कामांची यादी काढली.

मी साठही ठिकाणचे पासवर्ड बदलले, छुपी नेटवर्क बंद केली, त्यांना दुकानातून काढलं. म्हणजे ते आता दिवसभर घरीच असतात. हेही मला आधी सुचलं नाही.

ताईला सगळं सांगायला मी तिच्या लेकीच्या शाळेच्या फाटकाशी गेलो. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मी म्हणालो, पोलिसात जाऊ, कागद नव्यानं काढू, नोकरीवाल्यांना मुदत मागू, तू माझ्याकडे राहायला ये. बाई सगळी नोंद द्यायला तयार आहेत.

"लेक येईल का?" तिनं विचारलं.

मी घड्याळात पाहिलं. शाळा सुटायला आली होती.

"तिला ऐकवलंय त्यांनी. माझ्याच आवाजात. वर सांगितलं, आई बाबांना सोडून पळणार होती, तुला न विचारता." ताई फाटकाकडे बघत होती. "पुढे तिला बरोबर नेण्याबद्दल मी काय म्हटलं होतं, ते नाही ऐकवलं."

शाळा सुटली. पोर बाहेर आली, आम्हाला पाहिलं, आणि आईचा पुढे आलेला हात न धरता एकटीच घराच्या रस्त्याला लागली. ताई तिच्यामागून चालत गेली, दहा पावलं अंतर ठेवून.