मला एवढं जपू नका

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. जुना म्हटल्यावर झिजलेल्या कळा आणि फुटका कोपरा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल. तसं काही नाही. सात वर्षांत माझ्यावर ओरखडाही उठलेला नाही, आणि माझं रडगाणं नेमकं तेच आहे.

माझ्या कपाळावर चार काळे चौकोन आहेत. त्यांच्यावर उजेड पडला की मी जागा होतो. कारखान्यात एका ताईंनी माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली, मला डब्यात भरलं आणि मी एका हायस्कूलच्या मदतवर्गात आलो. वाचताना, लिहिताना किंवा आकडेमोड करताना ज्यांना थोडी अडचण येते, अशी आठ-दहा मुलं तिथे बसतात.

यंदा मदतवर्गाच्या बाईंनी मला वरच्या वर्गातल्या एका मुलीच्या हाती दिलं. तिचा मामा तिला ‘मिस्त्री’ म्हणायचा, कारण घरातला बंद पडलेला पंखा तिने उघडून चालू केला होता. तिला पुढे विजेच्या कामाचंच शिक्षण घ्यायचं होतं. त्यासाठी विज्ञानात पास होणं भाग होतं. पण आकड्यांशी तिचं जमत नसे. कागदावरचे सत्तावीस वहीत उतरेपर्यंत बहात्तर होत. माझ्या पडद्यावरचा आकडा ती बोटाने कागदावरच्या आकड्याशी जुळवून बघायची, चुकला तर पुसायची. कशाला कशाने भागायचं, हे मात्र तिलाच ठाऊक असे. ते मला आजही येत नाही.

विज्ञानाच्या सरांना हे पटत नव्हतं. ‘‘सवय लागेल हो बाई. जन्मभर कोण देणार आहे हिला कॅल्क्युलेटर?’’

बाईंनी अर्ज केला, मुख्याध्यापकांची सही आणली. परीक्षेत मला वापरायची परवानगी मिळाली. मग कारकूनकाकांनी मला ‘परीक्षेपर्यंत सुरक्षित’ म्हणून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. ‘‘हरवला तर माझ्या गळ्यात येईल,’’ ते म्हणाले. अंधारात मी महिनाभर निपचित पडलो.

परीक्षेच्या दिवशी बाईंना दुसऱ्या शाळेत पाठवलं होतं, आणि काका चावी खिशात घालून दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. विज्ञानाच्या त्या पेपरला वर्गावर तेच सर होते. मुलीने हात वर केला. ‘‘सर, माझा कॅल्क्युलेटर कपाटात आहे.’’

‘‘मग काय पेपर थांबवू? कर हातानेच.’’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘‘आम्हालाही द्या की एकेक.’’ वर्ग हसला. तिने पुन्हा हात वर केला नाही. हे सगळं मला नंतर बाईंच्या तोंडून कळलं. मी तर कुलपात होतो.

आठवड्याने कपाट उघडलं. मला वाटलं, तीच आली. आले होते सर. ‘‘काका, तेवढा कॅल्क्युलेटर द्या. बेरजा करायच्यात.’’

काकांनी लगेच दिला. ना अर्ज, ना सही.

मित्रांनो, तिच्या गुणांची बेरीज माझ्यावरच झाली. एकतीस. पास व्हायला पस्तीस हवे होते.

सर थबकले. त्यांनी तिचा पेपर पुन्हा उघडला. प्रश्न हीटरचा होता: दाब २३० व्होल्ट, रोध ४६ ओहम, तर विद्युतधारा किती? उत्तर पाच यायला हवं. तिने लिहिलं होतं ३.५९. सरांनी माझ्यावर २३० भागिले ६४ करून पाहिलं. मी ३.५९३७५ दाखवलं. सूत्र बरोबर होतं, भागाकारही बरोबर होता. फक्त शेचाळीसचे चौसष्ट झाले होते. पुढच्या दोन गणितांतही तेच.

सर मला आणि पेपर घेऊन मदतवर्गात गेले. ‘‘बाई, हिला तर सगळं येतंय.’’

‘‘वर्षभर दुसरं काय सांगतेय मी, सर?’’

सर मला घेऊन काकांच्या टेबलाशी गेले. ‘‘दहा दिवसांनी तिची फेरपरीक्षा आहे. हा तोवर तिच्याच दप्तरात राहील.’’

‘‘बघा हं सर, हरवला तर...’’

‘‘हरवू दे.’’

आज मी तिच्या दप्तरात आहे, कंपासपेटीखाली. पाचाच्या कळेवर शाईचा डाग पडला आहे. ती पास होईल का, मला माहीत नाही. एक परीक्षा तर कुलपातच गेली. एवढंच सांगतो: माझ्यासारख्या वस्तूंवर धूळ बसली नाही म्हणून खूश होऊ नका. ज्याच्यासाठी आणलं, त्याच्या हातात द्या. माझ्या कळा झिजू द्या.