सूर्याजवळची थंडी

टकळीला सगळे टकळी म्हणायचे ते काही उगाच नाही. आत्याच्या टेम्पोत बसल्यापासून तिच्या तोंडाला विश्रांती नव्हती. मागच्या खोक्यांत काल अंड्यातून निघालेली कोंबडीची पिल्लं होती, डोंगरापलीकडच्या पोल्ट्रीत पोचवायची. आणि त्यांची ब्लँकेटं? ती टकळीने घरीच काढून ठेवली होती! वर चढलो की सूर्य जवळ, मग पिल्लं उकडून निघतील, असा तिचा बिनतोड हिशेब.

आत्याला हे कळलं ते अर्ध्या चढावर. "अगं शहाणे, काय केलंस हे!"

वारा चावायला लागला होता. मागचा चिवचिवाट आधी कर्कश झाला, मग बारीक. आत्याने करकचून ब्रेक लावला. दोघींनी खोकी पुढे इंजिनाच्या उबेला आणली. पिल्लं एकमेकांवर चढून बसली होती, निम्मी डोळे मिटून. टकळीने खोक्यावर दोन्ही हात पसरले.

"पण सूर्य जवळ आला ना गं?"

"कुठे तो सूर्य आणि कुठे आपण! तो तापवतो जमीन, जमीन तापवते हवा. बोट धर इथे." आत्याने स्टेपनीचा व्हॉल्व्ह खिळ्याने दाबला. फुस्स!

"गार आहे की!"

"कोंडलेली हवा सुटली, पसरली. पसरायला जोर लागतो, तो ती स्वतःच्या उबेतून काढते. खाली हवेच्या डोक्यावर हवेचाच ढीग. वर तो कमी होतो, मग चढणारी हवा ऐसपैस पसरते आणि गारठते."

टकळीने दरीत पाहिलं. न दिसणारी दरीभर हवा अंग फुलवत, ऊब खर्चत वर येत होती, आणि पट्टीने आखल्यासारख्या एकाच उंचीवर तिच्यातल्या वाफेचे ढग होत होते. एवढा अफाट कारभार, आणि टायरातल्या फुस्सइतका साधा! तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"म्हणजे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते?"

"तापते तर!"

"मग पळव ना गं, पलीकडच्या उताराला!"

खिंड मागे पडली. वळणागणिक हवा कोमट होत गेली, आणि पिल्लांचा गोळा सैल झाला. एक तेवढं उठेना. टकळीने ते ओंजळीत घेऊन स्वेटरात धरलं, श्वाससुद्धा रोखला. दोन वळणं गेली. मग अंगठ्याला चोच बसली, चांगली कचकन.

"आई गं!"

"तुझ्या हक्काचीच आहे ती चोच," आत्या म्हणाली.