नाडीचा वण

राहीबाईच्या घरात भांडणाला कारण लागत नसे, पण त्या दिवशी कारण होतं परकराच्या नाडीचं. उसाच्या भांगलणीला निघायच्या वेळी सून उंबऱ्याच्या आत कमरेशी चाचपडत उभी राहिली आणि म्हातारीनं हातातलं खुरपं आपटलं.

"काय गं दीपे, मुहूर्त बघतीस व्हय?"

"नाडी काचतीया, आत्या. सैल बांधते जरा."

"बांध सैल. आन् सरीत वाकलीस की सोड लुगडं गावाम्होरं. कुणाच्या कमरंला वण न्हाई, सांग मला."

ते खोटं नव्हतं. सुती नाडी, घाम आणि दिवसभराचं वाकणं, यांनी गावातल्या बाईबाईच्या कमरेला काळा पट्टा पडला होता. तो खाजायचा, उन्हाळ्यात चिघळायचा, पण त्याला कुणी दुखणं म्हणत नसे. उलट घट्ट नाडी म्हणजे वळणाची बाई, असाच हिशोब होता. दीपमाला तर राहीबाईच्या सख्ख्या भावाची लेक, हौसेनं सून करून आणलेली. तिच्या वणावर डाव्या अंगाला चीर पडली होती. भरायची, परत फुटायची. राहीबाईनं मायेनं चिरेत हळद भरली आणि नाडी परत त्याच जागी आवळायला लावली.

त्याच उन्हाळ्यात कातडी तपासायला कराडहून डॉक्टर आले. शाळेच्या व्हरांड्यात बाया जमल्या. उन्हात अंगभर बाह्या घाला, तोंड-मान झाका, भर दुपारी शेतात राबू नका, असं डॉक्टर सांगत होते. बायांनी माना डोलावल्या, हात दाखवले, तोंडं दाखवली. फुकट मिळालेल्या रुंद काठाच्या टोप्या एकमेकींच्या डोक्यावर घालून पोट धरून हसल्या.

मग डॉक्टर म्हणाले, "नाडीच्या जागी न भरणारी जखम आहे का कुणाला? पडद्यामागं बाईडॉक्टर आहेत."

हसणं थांबलं. दीपमाला उठली. राहीबाईनं तिचं मनगट धरलं.

"बस खाली."

"आत्या, बाईमाणूस हाय वो आत."

"आसूंदे. मिलट्रीवाल्याची बायकू हायस तू. राहीबाईच्या सुनंनं कंबर उगडी किली, म्हणून गावभर व्हईल." आणि डॉक्टरांकडे वळून तिनं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "आमच्यात न्हाई कुणाला काय."

दीपमाला खाली बसली आणि येताना टोपी तेवढी घरी घेऊन आली.

दिवाळीपर्यंत जखमेचे काठ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर आले. रजेवर आलेल्या राहीबाईच्या लेकाला, शिवतेजला, बायकोच्या अंगाचा वास आला. त्यानं जखम बघितली आणि आईला न विचारता बायकोला गाडीत घालून कराडला नेलं. राहीबाई मागच्या सीटवर बसून गेली. तपासणीत काचून चिघळलेल्या वणातच कातडीचा कॅन्सर निघाला, आणि तो जांघेतल्या गाठीत उतरला होता.

"इतके दिवस का दाखवलं नाही?" डॉक्टरीण म्हणाली. "सुरुवातीला एवढासा तुकडा काढून भागलं असतं."

दीपमालानं आत्याकडं बघितलं. "माजंच चुकलं," ती म्हणाली.

त्यापेक्षा भर दवाखान्यात पोरीनं थोबाडीत दिली असती, तर राहीबाईला सोसली असती.

कापाकापी झाली, सुया झाल्या, केस गेले. साखर कारखान्याची धुराडी दुसऱ्या हंगामाला पेटायच्या आत दीपमालाही गेली. हिरवं लुगडं, हळदकुंकू, ओटी. अहेव गेली, भाग्याची गं, असं बाया म्हणत होत्या. असलं भाग्य कुणाच्या वाट्याला येऊ नये. शेजारच्या शालूबाईनं मढ्याला परकर नेसवला आणि हाताच्या सवयीनं नाडी करकचून ओढली. कोपऱ्यातली राहीबाई तीरासारखी पुढं आली.

"सैल बांध."

"आता तिला काय काचतंया, राहीबाय?"

"सैल बांध म्हंते न्हवं."

गाठ बसली होती, सुटेना. राहीबाईनं ती दातांनी सोडवली.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर परत आले. राहीबाई सगळ्यांच्या आधी व्हरांड्यात जाऊन उभी. "आत चला समद्या," ती बायांना म्हणाली. "दावा कमरा. माजी पोर गेली, आता तरी दावा." बायांनी टोप्या घेतल्या आणि एकेक करून पाय काढला. सुनेच्या दुःखानं म्हातारी बिघडली, असं शालूबाई जाताना हळूच म्हणाली.

पडद्यामागं एकटी राहीबाई आडवी झाली. डॉक्टरणीनं बॅटरी लावून सगळी कंबर तपासली, बोटांनी दाबून बघितली.

"काही नाही, आजी. नुसता वण आहे. नाडीऐवजी रुंद पट्टी लावा. ठणठणीत आहात, पुष्कळ जगाल."

राहीबाई उठली नाही. लुगडंही सारखं केलं नाही.

"नीट बघा, बाई," ती म्हणाली. "आसंल काय तरी."