सिंधूताईंचा हात

दिवाळीनंतरच्या सलग तिसऱ्या रविवारीही गोळ्या कागदभर विखुरल्या, तेव्हा सिंधूताईंनी नागपूरच्या नेमबाजीच्या स्पर्धेतून नाव काढून घ्यायचं ठरवलं.

सिंधूताई मलकापूरच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवत. वय चव्वेचाळीस, राहायच्या एकट्या. चीनच्या लढाईनंतर गावात रायफल क्लब निघाला, तेव्हा नाव देणाऱ्या त्या एकट्याच बाई. क्लबचे अध्यक्ष वामनराव कापसाचे व्यापारी. त्यांनी बाईंना आधी प्रथमोपचाराचं काम सुचवून पाहिलं. पण नळगंगेकाठच्या मातीच्या बांधासमोर बाईंनी दुसऱ्याच महिन्यात दहातल्या आठ गोळ्या काळ्या वर्तुळात घातल्या, आणि वामनरावांनी प्रथमोपचाराचा विषय सोडून दिला. क्लबकडे नेमबाजीची बावीस बोअरची दोन पिस्तुलं होती, एकाच बनावटीची, जुळ्या भावांसारखी. एक वामनराव वापरत, दुसऱ्यावर बाईंचा हात बसला होता.

तोच हात आता गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं. कारणही तसंच होतं. त्यांच्या आईला, गोजरबाईंना, याच वयात कंप सुरू झाला होता. आधी सुईत दोरा ओवेना, मग भाकरी थापता येईना, शेवटी घोटभर पाणीसुद्धा दुसऱ्या कुणीतरी पाजावं लागे. बाईंनी ते दहा वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे पहिल्या रविवारी गोळ्या भरकटल्या तेव्हाच त्यांना आईचे हात आठवले. मग त्या स्वतःवर पाळत ठेवू लागल्या. वर्गात फळ्यावर रेघ ओढली की मागे सरून ती सरळ आहे का ते बघायच्या. घरी पेला काठोकाठ भरून उचलायच्या. पाणी हललं की आपल्याला तसं वाटलं, हे काही केल्या ठरेना. डॉक्टरांकडे जायची हिंमत झाली नाही. जळगाव जामोदला दिलेल्या बहिणीला, शालूबाईला, त्यांनी पत्रात सगळं ठीक असल्याचं कळवलं.

त्या रविवारी सकाळी सराव संपल्यावर त्या पिस्तूल आणि वामनरावांच्या नावाची चिठ्ठी घेऊन क्लबच्या खोलीत गेल्या. वामनराव खामगावला गेले होते. खोलीत तुळशीराम होता. त्यानं वीस वर्षं फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात घालवली होती. आता गावाबाहेर भाजीपाला पिकवायचा आणि क्लबच्या बंदुका-पिस्तुलांची साफसफाई करायचा.

चिठ्ठी कसली, असं त्यानं विचारलं. बाईंनी आधी टाळलं, मग सांगून टाकलं. हात राहिला नाही, दिवाळीपासून एकही गोळी सांगितल्या जागी जात नाही, नागपूरला जाऊन क्लबचं हसं कशाला करायचं. आईबद्दल मात्र त्या बोलल्या नाहीत.

दिवाळी म्हटल्यावर तुळशीरामाला आठवलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातच त्यानं दोन्ही पिस्तुलं साफ केली होती. पावसाळ्याची ओल धरली होती म्हणून.

"बाई, मले एक डाव पाहू द्या," तो म्हणाला.

त्यानं टेबलावर जुनं धोतर अंथरलं. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, स्लाइड मागे ओढली, आत डोळा लावून आणि करंगळी घालून काडतूस नाही याची खात्री केली. मग एकेक भाग सुटा करत गेला. स्लाइड उतरली, स्प्रिंग निघाली, शेवटी नळी हातात आली. ती त्यानं उजेडाकडे धरली. आतून स्वच्छ होती, काजळीचा कण नव्हता. त्यानं ती परत सांगाड्यात बसवली आणि अंगठ्यानं हळूच ढकलली. नळी हलली. केसभरच, पण हलली.

तुळशीरामानं नळी उलटी करून पोटाखालचा नंबर वाचला. मग सांगाड्यावरचा वाचला, जो तोच असायला हवा होता. नंतर कपाटातून वामनरावांचं पिस्तूल आणलं, तेही तसंच रिकामं असल्याचं पाहून उघडलं आणि चारही नंबर एकमेकांशी ताडून पाहिले. बाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. ते उतरलं होतं.

"हात तुमचा नाई बिघडला, बाई," तो खाली बघतच म्हणाला. "चूक माही हाये. म्या दोन्ही पिस्तुलं एकाच टायमाले खोलली. याची नळी त्याले गेली, त्याची याले."

गेल्या साली त्यानंच कानस मारून दोन्ही नळ्या आपापल्या सांगाड्यात घट्ट बसवल्या होत्या. त्यामुळे एकाची नळी दुसऱ्यात बसायची, पण सैल. दर गोळीला ती जरा जरा सरकत होती. एका वेळी एकच हत्यार खोलायचं, हे तो फौजेत नव्या पोरांना शिकवायचा. त्या दिवशी सणाला गावी जायची मोटार पकडायची होती म्हणून त्यानं दोन्ही एकत्र उरकली. आपण हे वामनरावांना सांगू आणि हे काम सोडू, असं तो म्हणू लागला.

बाईंना त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. तुळशीराम घाबरून पाणी आणायला उठला, तर त्यांनी त्याला हातानंच बसवलं.

"भाऊ, तुम्ही चूक केली म्हणून मी किती सुटले, तुम्हाले नाई समजायचं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईबद्दल सगळं सांगितलं. काम सोडायचं नाव काढायचं नाही, असंही बजावलं.

त्यानं पिस्तुलं पुन्हा जोडली. या वेळी आधी एक पुरं केलं, कपाटात ठेवलं, मगच दुसरं घेतलं. दोघं उन्हातच बांधावर गेली. बाईंनी पाच गोळ्या झाडल्या. चार काळ्यात गेल्या, एक बाहेर. बाहेर गेली ती चूक कुणाची, हे त्यांना नीट माहीत होतं. ती झाडताना त्या हसत होत्या.

वामनरावांना तुळशीरामानं दुसऱ्या दिवशी खरं सांगितलंच. त्यांना स्वतःच्या पिस्तुलात काही बदल जाणवला नव्हता.

नागपूरला चौदा जणांत बाई अकराव्या आल्या. परतताना अकोल्यापर्यंत त्यांना गाडीत गाढ झोप लागली होती.