हाक बंद, प्रेस बंद

"नऊ वेळा! सकाळपासून नऊ वेळा थांबलाय हा प्रेस!" असं ओरडत सुपरवायझरने, प्रेसला सुरक्षेच्या डब्या बसवणाऱ्या डबीवाल्यांची कॉलर धरली आणि त्यांना लोखंडी कपाटावर आपटलं. कपाट दणाणलं. आजूबाजूचे कामगार मान खाली घालून प्रेसखाली द्यायचे लोखंडी पत्रे रचत राहिले.

"वेल्डिंगमुळे डबीच्या तारेत खरखर येते, म्हणून थांबतो," डबीवाले धापा टाकत म्हणाले. "जाळी असलेली तार मागतोय दोन महिने. ती द्या. मग एकदा जरी उगाच थांबला, तर अर्धी मिशी उतरवीन."

"भाऊजी, तुम्हाला मिशी आहेच कुठे?" चार नंबरच्या प्रेसवरून त्यांचा मेव्हणा ओरडला. "पैज तरी नीट लावा!"

दोघं-तिघं हसले, सुपरवायझरची पकड सैल झाली आणि तेवढ्यावर भागलं. बायकोचा हा धाकटा भाऊ असाच होता, जिभेला हाड म्हणून नाही. पण डबीवाल्यांचा जीव होता त्याच्यावर. चार वर्षांपूर्वी पहिली डबी घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर बनली, तेव्हा सर्किटवर टॉर्च धरून हाच उभा होता. तारा जोडायला डाग देताना उडालेल्या कथिलाने त्याचा अंगठा भाजला, तरी पठ्ठ्याने टॉर्च हलू दिला नव्हता.

डबी म्हणजे काडेपेटीएवढं सर्किट आणि समोरासमोर बसवलेले दोन डोळे, एक प्रकाश सोडणारा, दुसरा तो पाहणारा. मध्ये काही आलं नाही, तर ती तारेवरून सेकंदाला वीस वेळा हाक देते, सगळं ठीक आहे. मध्ये हात आला की ती गप्प बसते, आणि हाक बंद झाली की प्रेस जागच्या जागी थांबतो. तार तुटली तरी तेच. पण डबीवाल्यांना खरा अभिमान होता तो जोडणीचा. पूर्वी डबी बिघडली, की नव्या डबीला नेटवर्कमध्ये नंबर द्यायला अर्धा दिवस जायचा. यांनी सर्किटच असं केलं, की नवी डबी नेटवर्कच्या पेटीत खोचताच कोणता नंबर गप्प आहे ते शोधते आणि त्याची जागा घेते. "तार खोचा आणि विसरा," असं ते सगळ्यांना छाती काढून सांगायचे. मालकांनी ते वाक्य त्यांच्या फोटोखाली छापून भिंतीवर लावलं होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर डबीवाले शेजारच्या शेडमध्ये गेले. तासभर प्रेसची धडधड न थांबता ऐकू येत होती. बरं झालं, वेल्डिंग बंद असेल, असं त्यांना वाटलं. मग किंकाळी आली.

ते धावले. मेव्हण्याचा उजवा पंजा साच्यात होता. पत्र्यावरून रक्त ओघळून त्याच्या बुटात जात होतं. "काढा, भाऊजी, काढा!" तो गुरासारखा ओरडत होता. चौघांनी पहार घालून चाक उलटं फिरवलं. साचा वर उचलला गेला, तेव्हा अंगठा तेवढा हाताला होता. बाकीचं काय होतं ते सांगवत नाही.

"हात घातलास कशाला मध्ये?" सुपरवायझर पांढराफटक पडून पुटपुटला.

मेव्हण्याला गाडीत घालून नेलं. डबीवाले सरळ नेटवर्कच्या खोलीत गेले. चार नंबरची तार उपटून ठेवलेली होती. वरच्या फळीवर, तार पेटीत खोचलेली एक जादा डबी, तिचे दोन डोळे समोरासमोर, मध्ये रिकामी फळी, आणि हिरवा दिवा लुकलुकत होता. फळीवर काहीच अडत नव्हतं, म्हणून ती बिचारी तासभर हाक देत बसली होती.

हे सुपरवायझरचंच काम होतं. त्यांनी पाना उचलला आणि त्याला गाठलं. आयुष्यात माशी न मारलेला माणूस, पण पहिला घाव सुपरवायझरच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. तो खाली पडला तरी ते मारत राहिले. सुपरवायझरच्या दोन माणसांनी मागून धरून त्यांना बुटांनी तुडवलं. बरगडी कडकन वाजली. तरी सुटून त्यांनी पुन्हा पाना उगारला.

"तूच शिकवलंस ना!" सुपरवायझर रक्ताची गुळणी टाकत किंचाळला. "तार खोचा आणि विसरा!"

उगारलेला हात तसाच खाली आला.

दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक यायच्या आधी मालकांनी त्यांना आत बोलावलं. "नोंदीत डबी चालू दिसतेय. म्हणजे त्याने बाजूने हात घातला. झालं ते झालं. मारामारी मी विसरतो. डबी आता चाळीस कारखान्यांत जायची आहे, तुमच्या नावावर. तुम्ही फक्त गप्प बसा."

"आणि त्याची भरपाई?"

"चूक त्याची असेल, तर कसली भरपाई?"

डबीवाल्यांचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्याने त्यांनी मालकांकडे पाहिलं. "माझी डबी सुद्धा गप्प बसते ती कुणाचा हात वाचवायला," ते म्हणाले आणि बाहेर आले.

निरीक्षकांसमोर त्यांनी चार नंबरची तार काढली आणि फळीवरची डबी पेटीत खोचली. मग प्रेसजवळ येऊन खिशातून ओट्यावर बनलेली ती पहिली डबी काढून साच्यात ठेवली आणि हात लवकर मागे घेतला. प्रेसने क्षणभरही वाट पाहिली नाही. दणका बसला, आणि वर आलेल्या साच्याखाली पापडासारखी चपटी डबी राहिली.

"चूक कुणाची?" निरीक्षकांनी विचारलं.

"पहिली माझी. कोणती डबी, कुठे बसलीय, हे न विचारता मी तिला जागा दिली. दुसरी तार उपटून ही डबी खोचणाऱ्यांची. आणि साहेब, लिहा, कामगाराची एकही नाही."

संध्याकाळी ते बरगडी धरत दवाखान्यात पोचले. मेव्हणा उशीला टेकून बसला होता. पांढऱ्या बँडेजचा गोळा मांडीवरच्या चादरीवर टेकला होता.

"कामावरून काढलं ना तुम्हाला?"

"हो."

"डबी?"

"तीही गेली. विकायला परवानगी नाही. तुझी भरपाई मंजूर होईल, निरीक्षक म्हणाले."

मेव्हण्याने डाव्या हाताने चादर सारखी केली. थट्टा सुचत नव्हती त्याला, पहिल्यांदाच. मग हळूच म्हणाला, "भाऊजी, हसू नका हं. करंगळी खाजतेय हो सकाळपासून. सहन होत नाही. नर्सला कसं सांगू?"

डबीवाले जवळ सरकले. बँडेज जिथे संपत होतं तिथून त्यांनी नजरेनेच अंतर मोजलं, सर्किटवर मोजायचे तसं. मग चादरीवर, करंगळी जिथे असती तिथे, ते नखाने हलकेच खाजवू लागले.

"जरा वर," मेव्हणा डोळे मिटून म्हणाला. "हं. तिथेच."